डेट्रॉइट शहरांतील बटाट्यांच्या बागा

इतिहासाच्या पुस्तकांत राजे, लढाया व तह यांचें वर्णन पुष्कळ असतें. परंतु एखाद्या शहरानें आपल्या उपाशी लोकांस कसें जगविलें, हें त्यांत क्वचितच सांपडतें. म्हणून या अंकासाठीं अशा एका शहराची हकीगत निवडली आहे. तें शहर म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिशिगन संस्थानांतील डेट्रॉइट. आज त्याचें नांव निघालें कीं मोटारगाड्या आठवतात. परंतु आपली हकीगत तेथें मोटारी होऊं लागण्यापूर्वींची आहे, आणि तिच्यांतील मुख्य वस्तु आहे बटाटा.

सन १८९० च्या खानेसुमारींत डेट्रॉइटची लोकसंख्या २,०५,८७६ भरली होती. लोखंडी शेगड्या, रेल्वेचे डबे, जोडे अशा वस्तूंचे कारखाने तेथें जोरांत चालले होते, आणि त्यांत काम करण्यासाठीं जर्मनी, पोलंड वगैरे देशांतून हजारों गरीब कुटुंबें येऊन राहिलीं होतीं. अशांत सन १८९३ मध्यें अमेरिकेवर मोठें आर्थिक संकट कोसळलें. रेल्वे कंपन्यांनीं मिळकतीचा विचार न करितां कर्जें काढून लोहमार्ग वाढविले होते. त्यांपैकीं कांहींचें दिवाळें निघालें, तेव्हां लोक घाबरून आपल्या ठेवी परत घेण्यास पेढ्यांकडे धांवले, पेढ्या बुडाल्या, आणि रेल्वेला माल पुरविणारे कारखाने एकामागून एक बंद पडले. ज्या शहराची भाकरी रेल्वेच्या डब्यांवर अवलंबून होती, त्याची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करितां येईल. त्या हिंवाळ्यांत हजारों मजूर घरीं बसले. गरिबांस मदत देण्यासाठीं नगरपालिकेची एक समिति होती. तिची तिजोरी झपाट्यानें रिकामी होऊं लागली.

या वेळीं शहराचे मेयर, म्हणजे नगराध्यक्ष, हेझन पिंग्री हे होते. त्यांचा जन्म १८४० सालचा. ते स्वतः जोड्यांच्या एका मोठ्या कारखान्याचे मालक होते, तथापि त्यांचें तरुणपण सुखांत गेलें नव्हतें. अमेरिकेच्या यादवी युद्धांत ते शिपाई म्हणून लढले, शत्रूच्या हातीं सांपडले आणि अँडरसनव्हिल येथील कुप्रसिद्ध बंदिछावणींत कांहीं काळ राहिले. त्या छावणींत आलेल्या सुमारे ४५,००० कैद्यांपैकीं जवळजवळ १३,००० कैदी उपासमारीनें व रोगानें मेले. उपास म्हणजे काय, हें पिंग्री यांस कोणी पुस्तकांतून शिकविण्याची गरज नव्हती.

शहराच्या कडेला पुष्कळ जमीन नुसती पडून होती. ती कोणाची नव्हती असें नाहीं. शहर वाढेल, भाव चढेल आणि मग विकूं, या हिशेबानें श्रीमंतांनीं ती घेऊन ठेविली होती. तीवर गवत व तण यांखेरीज कांहीं उगवत नव्हतें. एका बाजूस पडीत जमीन आणि दुसऱ्या बाजूस रिकामे हात, अशी ती स्थिति होती. पिंग्री यांनीं १८९४ च्या उन्हाळ्याच्या तोंडीं जमीनमालकांस जाहीर विनंति केली कीं, तुम्हांस विक्री करावयाची नाहीं तोंपर्यंत ही जमीन गरिबांना भाजीपाला लावण्यास द्यावी. मालकांस यांत कांहीं गमवावयाचें नव्हतें; हवी तेव्हां जमीन परत मिळणार होती. सुमारे ४३० एकर जमीन हातीं आली. तिची वांटणी व देखरेख करण्यासाठीं एक समिति नेमण्यांत आली आणि तिचें प्रमुखपण कॅप्टन कॉर्नेलियस गार्डनर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याकडे गेलें. या आडनांवाचा अर्थच माळी असा आहे, हा एक गमतीचा योगायोग.

जमीन मिळाली, पण जमिनीवर नांगर फिरला पाहिजे, बेणें पाहिजे, अवजारें पाहिजेत. त्यासाठीं पैसा हवा होता. येथें मात्र शहरानें हात आंखडला. वर्तमानपत्रांनीं थट्टा आरंभिली. पिंग्री यांस "बटाटेवाले पिंग्री" अशा अर्थाचें टोपणनांव मिळालें. गरीब लोक आळशी असतात, त्यांना फुकट खावयाची संवय असते, ते कुदळ हातांत धरणारच नाहींत, असें सुखवस्तु लोक एकमेकांना सांगूं लागले. पिंग्री यांनीं शहरांतील ख्रिस्ती मंडळ्यांना वर्गणीसाठीं आवाहन केलें. पुढची गोष्ट लिहितांना माझ्यासारख्या ख्रिस्ती शिक्षकाची लेखणी अडखळते, परंतु ती झांकून ठेवणें योग्य नाहीं: त्या सर्व उपासनामंदिरांतून प्रारंभीं जमलेली रक्कम चौदा डॉलरांपर्यंतही पोंचली नाहीं. उंच मनोऱ्यांच्या, रंगीत कांचांच्या त्या मंदिरांत दर रविवारीं गरिबांविषयींचें शास्त्रवचन वाचलें जात असेलच. शेवटीं पिंग्री यांनीं आपला स्वतःचा उमदा घोडा लिलावास काढला. त्याची किंमत आली ती मोलापेक्षां पुष्कळ कमी. पण एवढा मोठा मनुष्य आपला घोडा विकतो हें पाहून इतरांस थोडी लाज वाटली, आणि पैसा येऊं लागला.

तुकड्यांसाठीं सुमारे ३,००० अर्ज आले. तितक्यांना पुरेल इतका निधि नव्हता. त्या पहिल्या वर्षीं ९४५ कुटुंबांस जमीन देतां आली. कोणास पाव एकर, कोणास अर्धा. आपल्या मापानें सरासरी काढूं: ४३० एकरांचे गुंठे होतात १७,२००, त्यांस ९४५ नीं भागलें असतां दर कुटुंबास अठरा गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन येते. समितीनें जमीन नांगरून, कुळवून दिली आणि ज्यांच्याजवळ कांहींच नव्हतें त्यांना बेणें व बियाणें पुरविलें. बटाटे, घेवडा, सलगम, मका, कोबी हीं मुख्य पिकें. हंगाम उशिराचा होता. लागवड होईपर्यंत जून उजाडला होता. तरीही पीक आलें. त्या वर्षीच्या उत्पन्नाची किंमत बारा ते चौदा हजार डॉलर धरण्यांत आली. खर्च चार हजार डॉलरांच्याही आंत होता. म्हणजे टाकलेल्या प्रत्येक डॉलराचे तीन डॉलर तरी अन्नरूपानें परत आले. आळशी म्हणून ज्यांची संभावना झाली होती, त्यांत पोलंड व जर्मनी येथील शेतकऱ्यांचीं मुलें पुष्कळ होतीं. कारखान्यांत येण्यापूर्वीं त्यांचे हात मातींतच वाढले होते. त्यांना बटाटा कसा लावावा हें विचारण्याचें कारणच नव्हतें. थट्टा करणाऱ्यांपैकीं किती जणांना तें ठाऊक होतें, हा प्रश्न मात्र त्या वेळीं कोणी विचारलेला दिसत नाहीं.

आतां, इतर पिकें सोडून बटाट्यावरच भर कां, हें समजून घेण्यासारखें आहे. गव्हाला मळणी हवी, गिरणी हवी, भट्टी हवी. बटाटा जमिनींतून काढला कीं थेट पातेल्यांत जातो. त्याची लागवड बियांनीं होत नाहीं. जुन्या बटाट्यालाच जे डोळे असतात, त्यांतील एकदोन डोळे राहतील अशा बेतानें फोडी कापून त्या सरींत पुरतात. झाड वाढूं लागलें कीं बुंध्याशीं मातीची भर देतात, म्हणजे आंतील खोडांना बटाटे धरतात आणि ऊन लागून ते हिरवे होत नाहींत. हिरवा झालेला बटाटा विषारी असतो, हें घरोघरच्या स्त्रियांनीं लक्षांत ठेवावें. सुमारे शंभर दिवसांत पीक तयार होतें. म्हणून जूनमध्यें लावलेला बटाटा मिशिगनचा कडक हिंवाळा सुरू होण्यापूर्वीं निघूं शकला. शिवाय थंड, अंधाऱ्या तळघरांत तो महिनेच्या महिने टिकतो. ज्या मजुराला डिसेंबरांत काम मिळण्याची आशा नाहीं, त्याला सप्टेंबरांतलें कोथिंबिरीचें शेत काय कामाचें? त्याला टिकणारें अन्न पाहिजे. त्यांत क जीवनसत्त्वही असतें. ताज्या भाजीफळांवांचून काढलेल्या लांब हिंवाळ्यांत हिरड्या सुजण्याचा जो रोग होतो, तो बटाटे खाणारांस सहसा होत नाहीं.

तथापि उत्साहाच्या भरांत भलतेंच अनुमान काढूं नये. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब स्वतः करून पाहावा. समजा, एका कुटुंबाला १५ बुशेल बटाटे मिळाले. बुशेल हें तेथील माप आहे. एक बुशेल बटाटे म्हणजे ६० पौंड, अर्थात् सुमारे २७ किलो. तेव्हां १५ बुशेलांचे झाले ४०५ किलो. हिंवाळ्याचे पांच महिने म्हणजे १५० दिवस धरले, तर रोज २.७ किलो खर्चावयास मिळतात. शंभर ग्रॅम बटाट्यांत सुमारे ७७ उष्मांक असतात. त्या मानानें २.७ किलोंत २,००० हून थोडे अधिक. एवढे उष्मांक एका प्रौढ माणसास जेमतेम पुरतात. घरांत माणसें पांच असलीं, तर त्या बागेनें एकाच्या पोटाची सोय केली. चार पोटें उरलीं. बाग हा पगाराचा मोबदला नव्हे. परंतु पांचांतील एक वांटा घरचा झाला, तर उरलेल्या थोड्या पैशांत पीठ, दूध, कोळसा घेतां येतो, आणि दुकानदाराच्या उधारीचें पान तितकें भरत नाहीं. ज्यांनीं महिनाअखेरीस घर चालविलें आहे, त्या पालकांस या एका वांट्याचें मोल समजावून सांगावयास नको.

दुसरी एक गोष्ट आंकड्यांत मावत नाहीं. संकटकाळीं सरकारें गरिबांस काम देतात, हें आपल्याकडेही घडलें आहे. सन १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत हजारों शेतकरी स्त्रीपुरुष खडी फोडावयास व तलावांची माती वाहावयास गेले. सुकडी खाऊन काढलेल्या त्या दिवसांची आठवण तुमच्या आजोबा-आजींस विचारा. त्या कामांनीं लोक जगले, आणि पुढें १९७७ च्या कायद्यानें रोजगार हमी हा हक्क ठरला, ही मोठीच गोष्ट झाली. पण फोडलेली खडी रस्त्याला जाते. फोडणाराच्या हातीं त्या दिवसाची मजुरी तेवढी राहते. डेट्रॉइटच्या बागेंत सकाळीं घातलेलें पाणी व संध्याकाळीं काढलेलें तण यांचें फळ त्याच माणसाच्या घरीं येत होतें. मदत-कचेरीच्या दारांत रांगेनें उभ्या राहणाऱ्या बापाला मुलें पाहतात, आणि बटाट्याचें पोतें खांद्यावर घेऊन येणाऱ्या बापालाही पाहतात. या दोन पाहण्यांत अंतर आहे.

जुन्या करारांत लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायीं जो नियम घालून दिला आहे, तो येथें आठवतो. शेताच्या कडा कापूं नयेत, गळालेला सरवा वेचूं नये. तो गरिबांसाठीं व परक्यांसाठीं राखावा. मवाबी रूथ बवाजाच्या शेतांत सरवा वेचावयास गेली ती याच नियमाच्या आधारावर. ती परकी होती, विधवा होती. तरी भिकारीण म्हणून ती तेथें उभी नव्हती. शेताच्या कडा गरिबांच्या ठरल्या म्हणजे मालकाच्या मर्जीचा प्रश्न पुष्कळसा मिटतो. डेट्रॉइटच्या व्यवस्थेंत नेमकें हेंच उणें होतें. तेथील जमीन मर्जीनें मिळाली होती. आणि मर्जी फिरली कीं ती जाणार होती.

प्रथम ती फिरली नाहीं. पुढल्या दोन वर्षांत कुटुंबांची संख्या दीड हजारांवर गेली आणि १८९६ सालीं उत्पन्नाची किंमत तीस हजार डॉलरांच्या घरांत पोंचली. ज्या शहरांनीं हसें केलें होतें, त्यांनींच अनुकरण आरंभिलें. न्यूयॉर्क, बफेलो, बॉस्टन अशा ठिकाणीं तसल्या बागा झाल्या आणि फिलाडेल्फियांत तर १८९७ सालीं मोकळ्या जमिनींच्या लागवडीसाठीं एक स्वतंत्र मंडळ स्थापन झालें. पिंग्री पुढें मिशिगनचे गव्हर्नर झाले आणि १९०१ सालीं लंडन येथें वारले. डेट्रॉइटच्या एका मध्यवर्ती उद्यानांत लोकांनीं त्यांचा पुतळा उभारला आहे. पण कारखाने पुन्हा सुरू झाले, शहर वाढलें, भाव चढला. मालकांनीं जमिनी परत घेतल्या, आणि बटाट्यांच्या जागीं घरें व कारखाने आले. यांत एक विलक्षण गोष्ट अशी कीं, त्या बागा भरांत असतांनाच, १८९६ च्या जून महिन्यांत, हेन्री फोर्ड नांवाच्या तरुणानें त्याच शहराच्या रस्त्यावर आपली पहिली मोटारगाडी चालवून पाहिली. त्या गाडीनें डेट्रॉइटचें भाग्य पालटलें, दोन वेळां.

पहिल्यानें भरभराट झाली. मधल्या काळांत, १९३० नंतरच्या मंदींत, पुन्हा एकदां शहरानें बेकारांस बागेसाठीं तुकडे दिले, आणि दुसऱ्या महायुद्धांत देशभर लोकांनीं अंगणांत भाजीपाला लावला. परंतु संकट सरलें कीं दर वेळीं या बागा विसरल्या गेल्या. सन १९५० मध्यें डेट्रॉइटची वस्ती १८,४९,५६८ होती. त्यानंतर कारखाने शहराबाहेर व परप्रांतीं जाऊं लागले. मोटारी व रुंद रस्ते झाल्यामुळें पैसेवालीं गोरीं कुटुंबें उपनगरांत राहावयास गेलीं; मागें राहिलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि त्यांच्यांतील पुष्कळांचें काम गेलें होतें. सन २०२० च्या खानेसुमारींत लोकसंख्या ६,३९,१११ इतकीच उरली होती. मधेंच, २०१३ सालीं, नगरपालिकेनें दिवाळें जाहीर केलें. घरें ओस पडलीं, पाडलीं गेलीं, आणि हजारों तुकडे पुन्हा पडीत झाले. वस्त्यांतील मोठीं किराणा दुकानें बंद झालीं; ज्यांच्याजवळ गाडी नाहीं, त्यांना पेट्रोल-पंपाच्या दुकानांतील बिस्किटें व डबाबंद जिन्नस यांवर भागवावें लागे. मोटारींच्या शहरांत गाडी नाहीं म्हणून ताजी भाजी मिळूं नये, यापेक्षां विचित्र प्रकार तो कोणता?

लोकांनीं पुन्हा कुदळी घेतल्या. या वेळीं ख्रिस्ती मंडळीचें वर्तन, सांगण्यास आनंद वाटतो, निराळें होतें. कापुचिन पंथाच्या साधूंनीं १९२९ सालापासून डेट्रॉइटांत भुकेल्यांसाठीं अन्नछत्र चालविलें आहे. त्यांच्यापैकीं एका बंधूनें १९९७ सालीं अन्नछत्राच्या आश्रयानें एक लहान बाग सुरू केली. तीच पुढें 'अर्थवर्क्स' या नांवानें वाढली. तेथील भाजी अन्नछत्राच्या ताटांत जाते आणि शेजारच्या वस्तींतील लोकांना तेथें लागवडीचें शिक्षणही मिळतें. कृष्णवर्णीय नागरिकांच्या एका संस्थेनें शहराच्या एका मोठ्या उद्यानांत नगरपालिकेकडून जमीन भाड्यानें घेऊन 'डी-टाउन' नांवाचें शेत केलें. तें आतां सात एकरांचें आहे. याखेरीज घराशेजारच्या रिकाम्या तुकड्यांवर, शाळांच्या आवारांत व उपासनामंदिरांच्या मागें लहान लहान बागा आहेत. सन २०१३ मध्यें शहरानें नियम बदलून शहरांतील शेतीला रीतसर मान्यता दिली. तोंपर्यंत आपल्या शेजारच्या पडीत तुकड्यावर कोबी लावणें हें, कायद्याच्या काटेकोर दृष्टीनें, बिनपरवाना कृत्य होतें.

या नव्या बागांपुढें एक अडचण अशी आहे, जी पिंग्री यांच्या वेळीं नव्हती. पाडलेल्या जुन्या घरांच्या रंगांत शिसें असे. तें मातींत मिसळलेलें आहे. शिसें मुलांच्या मेंदूला घातक असतें. म्हणून तेथें प्रथम माती तपासून घेतात, आणि ती वाईट निघाली तर फळ्यांच्या चौकटी करून त्यांत बाहेरून आणलेली स्वच्छ माती व कंपोस्ट खत भरून वर वाफे करतात. आपल्या शहरांतही जुन्या इमारतीच्या किंवा कारखान्याच्या जागीं कोणी पालेभाजी लावणार असेल, तर ही खबरदारी घेण्यासारखी आहे. पालेभाजीच्या पानांवर व कंदांवर बसलेली माती नीट धुऊन काढणें तर कोठेंही इष्टच.

परंतु मुख्य अडचण जुनीच आहे. वर्षानुवर्षें कचरा उपसून, खत घालून एखाद्या म्हातारीनें शेजारचा तुकडा पिकता केला, आणि मग शहराच्या त्या भागास बरे दिवस येऊन तोच तुकडा घर बांधणाऱ्या व्यापाऱ्यास विकला गेला, तर तिनें काय करावें? मातीची सुधारणा तिची, मोल दुसऱ्याचें. १८९४ च्या बागाइतदारांना हा प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. म्हणून २०२० सालच्या जून महिन्यांत तेथील तीन संस्थांनीं मिळून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठीं एक भूमि-निधि उघडला. देशभरांतून लहानमोठ्या वर्गण्या आल्या, आणि त्यांतून शेतकऱ्यांना जमीन विकत घेण्यास साहाय्य देण्यांत येऊं लागलें. त्यांत असेही लोक होते, जे त्या मातींत कित्येक हंगाम राबले होते, पण जिच्या खरेदीखतावर त्यांचें नांव कधीं चढलें नव्हतें.